आधी चूक, मग चहा

झेपला उडता यायचं, त्यामुळे कोणाच्या घरी जायला जिने चढायची वेळ त्याच्यावर सहसा येत नसे. आणि माफी मागायची वेळ तर त्याने कधी येऊच दिली नव्हती. आज मात्र तो चार मजले पायांनी चढत होता आणि दर मजल्यावर थांबत होता. मागून येणारा आरपार वैतागला.

"अरे, चल की! दम लागलाय म्हणून सांगू नकोस. तुझी फुप्फुसं ठणठणीत आहेत, दिसतायत मला."

आरपारला भिंतीपलीकडचं दिसायचं. अडकलेल्यांना सोडवणारं त्यांचं तिघांचं त्रिकूट मोडल्यावर तो एका दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामाला लागला. यंत्र आपलं नावाला चालू करायचा. आज सकाळी झेपने तिथे जाऊन त्याला सगळं सांगून टाकलं, तेव्हा तो बराच वेळ फिल्मचे लिफाफे सारखे करत बसला. मग म्हणाला, "माहीत होतं मला. पाहिलं होतं मी." म्हणजे नऊ वर्षं दोघेही मूग गिळून बसले होते, आणि तेही एकमेकांपासून चोरून!

तिसरी होती शेगडी. तिचे तळवे हवे तेव्हा, हवे तितके तापायचे. वर्तमानपत्रं तिला ज्वाला वगैरे म्हणत. हे दोघे शेगडी म्हणत आणि ती चिडली की आणखी म्हणत.

नऊ वर्षांपूर्वी एका कागदाच्या गोदामाची भिंत खचली आणि आत कामगार अडकले. शेगडी खाली दाराचं गंजलेलं कुलूप वितळवत होती. झेपने छपरातून मुसंडी मारली. दारातून जाणं त्याला तेव्हा कमीपणाचं वाटायचं. त्या मुसंडीत त्याच्या खांद्याने विजेची जाड तार तोडली आणि ठिणग्या गठ्ठ्यांवर पडल्या. माणसं वाचली, पण दोघीजणी भाजल्या. एकीचा अर्धा चेहरा गेला.

या तिघांचा एक नियम होता. कामगिरीवरून आलं की ज्याने त्याने आधी आपली चूक बोलून टाकायची, मग चहा. त्या संध्याकाळी झेपने तोंड उघडलंही होतं. पण शेगडी आधी बोलली, "माझ्याच हातून झालं. कुलूप तुटल्यावर हात निववायचे राहिले." ती स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती. झेपने उघडलेलं तोंड मिटलं आणि मुकाट्याने चहा प्याला. पुढे चौकशीत साहेबांनी विचारलं, तिचे हात लाल झाले होते का? तो म्हणाला, हो. ते खरंच होतं. असलं खरं काय चाटायचंय!

चौथ्या मजल्यावरचं दार शेगडीनेच उघडलं. केस पांढरे झाले होते, हातात कोपरापर्यंत जाड मोजे होते. बर्फाच्या कारखान्यात नोकरी करते, असं आरपारने सांगितलं होतं. आगीपासून जितकं लांब पळता येईल तितकं ती पळाली होती.

"वाट चुकलात की काय?" ती म्हणाली, पण बाजूला सरकली.

आत पलंगावर तिची म्हातारी आई गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. तिने झेपला लगेच ओळखलं. "ये रे. या पिशवीत काही दम नाही बघ. पूर्वी ही नुसते हात ठेवायची, की मला पहाटेपर्यंत झोप. आता नऊ वर्षं झाली, पोरगी मला शिवत नाही."

"आई, पुरे," शेगडी म्हणाली.

झेप उभाच होता. वाटेत जुळवलेली वाक्यं पार उडून गेली होती.

"ते गोदाम तू नाही पेटवलंस गं. मी पेटवलं. तार माझ्या खांद्याने तुटली."

तिला कळलंच नाही. तिने आरपारकडे पाहिलं.

"आग वरून खाली आली," आरपार मान खाली घालून म्हणाला. "मी पाहत होतो. तुझे हात तोवर निवले होते."

"सकाळी चौकशी कचेरीत लिहून दिलंय," झेप म्हणाला. "उद्या त्या भाजलेल्या दोघींकडे जातोय. पण आधी तुला—"

"मी मोजे घालून झोपते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आई तापाने फणफणली, तरी कपाळाला हात लावला नाही मी. आणि तुम्हाला दोघांना माहीत होतं."

"माफ कर म्हणायला तोंड नाही मला."

"मग नको म्हणूस. माफीचं नंतर बघू."

तिने मोजे काढले. तळवे पांढरेफटक होते, पाण्यात राहिल्यासारखे सुरकुतलेले. म्हातारीने घाईघाईने पिशवी बाजूला टाकली आणि गुडघ्यांवरचं पांघरूण सारलं. "ये, ठेव."

"थांब. पहिला प्रयोग तुझ्यावर नाही." शेगडी झेपकडे वळली. "तू ये इकडे. हात दे."

आरपार न सांगता दोन पावलं मागे झाला. झेपने हात पुढे केला. भाजून घ्यायची त्याची तयारी होती. खरं म्हणजे आज भाजलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. तिने त्याचा हात दोन्ही तळव्यांत धरला आणि डोळे मिटले. आधी नुसता गारवा लागला. मग हळूहळू ऊब आली, वाढत गेली, आणि जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली.

"भाजतंय?"

"नाही."

"खरं बोल. तुझी सवय कळलीय मला आता."

"खरंच नाही गं."

"मग रडतोस कशाला?"

तिने त्याचा हात सोडला, पलंगाशी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आई, पाय सरळ कर."