महांतप्पाची मांडी

"रूळ कुठं गेले गं पोरी?"

दारात एक म्हातारी उभी होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, काखेत गाठोडं, पायांना बिदरकडची लाल माती. मी जोंधळे पाखडत होते. मान वर न करताच म्हणाले, "गुंडाळून नेले, मावशी. चटईगत. दोन गोऱ्या साहेबांनी ह्या टोकाला धरलं, दोघांनी त्या, आन् गुंडाळी हत्तीवर टाकून गेले की."

मला सवयच होती तशी. आमच्या फाट्यावरच्या रेल्वेचं कुणी काही विचारलं की मी असलंच सांगायची. इंजिन माझ्या म्हशीला बघून शिट्टी विसरायचं. दवाखान्याचा टकला डॉक्टर माझं ताक प्याला आणि आठवड्यात त्याला शेंडी फुटली. लोक हसायचे. म्हातारी हसली नाही.

"मग माझा महांतप्पा आता कुणाच्या शेजारी हाय?"

मी सूप खाली ठेवलं.

लढाईच्या दिवसांत तेर ठेसनाच्या अलीकडून गव्हाळीच्या माळाला एक फाटा काढला होता. माळावर फौजी दवाखाना. तंबू, आणि पत्र्याच्या लांबच लांब खोल्या. राज्य निजामाचं, लढाई इंग्रजांची, आणि जखमी कुठकुठले. गाडीला जरा धक्का बसला की डब्यातून ओरड यायची, म्हणून ती इतकी हळू चालायची की डोक्यावर घागर घेऊन मी तिच्या पुढं निघून जायची. हे मात्र खरं आहे. कुणी मानत नाही.

आमचे मालक त्या फाट्यावर गँगमन होते. रुळाखाली खडी दाबायची, ढिला झालेला खिळा ठोकायचा. माणूस बोलायचा कमी, आणि बोलला तर खरंच बोलायचा. म्हैस दूध कमी देते हेसुद्धा गिऱ्हाइकाला आधी सांगायचा. अशा माणसाच्या घरात मला देऊन माझ्या बापानं चांगलीच गंमत केली.

दवाखान्यात माणूस मेला की शेवटच्या डब्यातून तेरणेच्या काठाला आणायचे. मुसलमान असला तर पुरायचे, हिंदू असला तर जाळायचे. लाकडं रचायला गँगची माणसं. एका दिवशी मालकांनी एका मड्यावरची चादर नीट केली, तर गळ्यात लिंग. आपला माणूस, लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात आणि माती ओढतात.

"ह्याला जाळायचं न्हाय, हवालदारसाब," मालक म्हणाले.

"हुकूम जलाने का है."

"मग मला बी घाला त्याच लाकडावर."

हवालदारानं त्यांच्याकडं बघितलं. बिडी पेटवली. "गाडी लौटने से पहले निपटा दे," म्हणाला.

बोलावणं आलं तशी मी पाणी आणि बेल घेऊन गेले. सासूबाई विभूती घेऊन आल्या. विधी करायला जंगम कुठून मिळणार? खड्डा रुळाच्या कडेलाच, मोरीजवळ खणला. अंग आखडून गेलं होतं. मालकांनी त्याला मांडीवर घेतलं आणि चोळत बसले, न्हाणीत बाळाला चोळतात तसं. डावा गुडघा वाकला. उजवा नव्हताच. पाय मांडीतूनच कापलेला होता. मालकांनी कडेची माती ओंजळीनं ओढली. मग त्यांनी त्या बाजूला मातीची उशी केली, तिच्यावर त्याला टेकवलं आणि हातात लिंग दिलं. तोंड पोराचं होतं. मिसरूड नीट आलेली नव्हती.

माती ओढून झाल्यावर मी विचारलं, "आत्याबाई, वर दगड ठिवायचा का?"

"दगुड कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "दगुड उद्या कुणीबी उचलून नेतंय. रूळ हायेत की शेजारी. सरकारचं लोखंड कुठं जातंय?"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

मग लढाई संपली. तंबू गेले, पत्रे गेले. रूळ उपटून कुठं नेले कळलं नाही. रुळाखालचे लाकडी सिलीपाट गावानं चुलीत घातले, खडी सडकेला गेली, मोरीचे दगड कुणाच्या विहिरीला लागले. रान गावातल्या बलभीमचं होतं. त्यानं भरावावरून नांगर फिरवला आणि ज्वारी पेरली. मालकांना मोठ्या लाइनीवर काम मिळालं. फाट्याचं नाव निघायचं ते माझ्या तोंडूनच, आणि मी कसं काढायची ते सांगितलंच.

ही म्हातारी लक्ष्मम्मा. पोरगा फौजेत खेचरं हाकायला गेला होता. तिच्या गावचाच दुसरा एक जण त्याच दवाखान्यातून जगून परत आला, त्यानं तिला सांगितलं, तुझ्या पोराला तेरकडच्या आपल्या लोकांनी रुळाच्या कडेला बसवलाय. म्हातारी तेवढ्यावर निघाली होती.

सासूबाईंनी तिच्यापुढं गूळ-पाणी ठेवलं. "आमीच दगुड ठिवला न्हाय, बाई," एवढंच म्हणाल्या.

मालक कामावरून आले तसे आम्ही रानात गेलो. ज्वारी बोट-बोट उगवली होती. मालक बांधावर उभे राहिले आणि मग चालू लागले. सिलीपाटावरून चालून चालून त्यांची चालच तशी झाली होती, ना आखूड ना लांब. तशाच ढांगा टाकत ते गेले, थांबले, वाकून माती बघितली. परत आले. दुसरीकडून गेले. तिथंही थांबले. बलभीम मोट सोडून आला आणि बघत उभा राहिला.

"माणिकप्पा, मोरी त्या बाभळीपाशी हुती का रं?"

"बाभळ बी नवीच दिसतीय," मालक म्हणाले.

"तुडवा बिनघोर. पिकाचं काय न्हाय."

मालकांनी आणखी एक फेरी मारली. मग म्हातारीपुढं येऊन खाली मान घालून उभे राहिले. "घावंना, अव्वा."

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. विचार करत राहिली.

"बसिवला तर व्हता न्हव? आडवा न्हाय न्हव घातला?"

"बसिवला. म्याच बसिवला. लिंग हातात दिलं."

"मांडी घालून?"

मालक पायानं ढेकूळ फोडू लागले. सासूबाई पदराशी चाळा करू लागल्या. माझ्याकडं बघितलं सगळ्यांनी, कारण असल्या वेळी बोलणारी मीच. माझ्याजवळ काय कमी होतं? इंजिनानं मान लववली होती, गोऱ्या साहेबानं टोपी काढली होती, सगळं सांगता आलं असतं. तोंड उघडलं. आतून काही आलंच नाही.

"व्हय," मालक म्हणाले. "मांडी घातली की. नीट."

सगळ्या संसारात त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एवढंच खोटं.

म्हातारीनं मान हलवली. "बारकेपणी घालायचा न्हाय. एक पाय लांब करूनच बसायचा जेवायला. किती रागं भरले म्या."

तिनं गाठोडं सोडलं, विभूतीचा गोळा काढला. वहाणा बांधावर ठेवल्या आणि रानात शिरली. रूळ जिकडून जिकडं जायचे ते मालकांनी हातानं दाखवलं. ती त्या टोकापासून निघाली. थोडं चालायची, बसायची, गोळ्यावर बोटं घासायची आणि मातीवर तीन बोटं ओढायची. उठायची. पुन्हा पुढं. कुठलं ठिकाण खरं, ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्याच ठिकाणी. बलभीमनं तुडवा म्हटलं होतं तरी पाय ज्वारीच्या दोन ओळींच्या मधूनच टाकत होती. कोवळं एक पान मोडलं नाही. आम्ही बांधावर उभे.

दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा गोळ्याचा हरभऱ्याएवढा खडा उरला होता. तशीच मालकांपाशी आली.

"हात दाव."

मालकांनी हात पुढं केले. तिनं तो खडा त्यांच्या एका तळव्यावर चुरला, मग दुसऱ्यावर घासला. संपेपर्यंत. मग वहाणा घातल्या.

"वस्ती करा अव्वा, सकाळी जावा," मालक म्हणाले.

"गाडी हाय," ती म्हणाली, आणि ठेसनाच्या वाटेला लागली.

सांजेला मी ताटं केली. मालक येऊन बसले. हात धुतले नव्हते, विभूती तशीच होती. दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवून ताटाकडं बघत बसले.

मी भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि घास त्यांच्या तोंडापुढं धरला. सासूबाई समोरच होत्या. त्यांनी चुलीकडं तोंड फिरवलं आणि जाळ मागं-पुढं करत बसल्या.