कोपराच्या आतली बाजू

"थांब. इथंच का?"

रेवताबाईचा अंगठा नीतूच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या टोकाखाली येऊन थांबला होता. नीतूने ओठ दाबले आणि मान हलवली. बाजूला वाटीत लसूण टाकून कढवलेले मोहाच्या बियांचे तेल होते. रेवताबाईने बोटे बुडवली, पण लगेच चोळायला घेतले नाही.

"खरं सांग. कोणतं काम करून राहिली तू?"

"काम कोणतं, आई? बॉल फेकून राहिली ना."

"आन बॉल फेकल्यानं इथं दुखते?"

"मले काय मालूम? तू चोळ ना व लवकर."

वैनगंगेच्या काठावरच्या कारधा गावात अंग चोळून घ्यायचे तर लोक रेवताबाईकडे येत. ही विद्या तिला तिच्या आईकडून मिळाली होती. माणूस ओसरीवर येऊन बसला की नाव विचारण्याआधी तिला त्याचे काम कळे. धान कापणारीची कंबर, विडी वळणारीचा अंगठा आणि मानेचा मणका, रेतीची पाटी उचलणाऱ्याची पाठ. जाळे फेकणाऱ्याचा खांदा तर तिच्या घरातच होता. नवरा मुरारी नदीत जाळे फेकत असे. त्याचा उजवा हात आता कानाच्या वर जात नव्हता. तो बसून दुसऱ्यांची जाळी विणून द्यायचा आणि दुसऱ्यांनी धरलेले मासे बाजारात विकायचा.

पण कोपराच्या आतली बाजू? एवढ्या वर्षांत तिथे बोट ठेवून कुणी कण्हले नव्हते. हे कोणत्या कामाचे दुखणे, याचे तिला नवल वाटत राहिले.

नीतू पंधरा वर्षांची, दहावीत. लहानपणी गल्लीतल्या क्रिकेटमधून पोरांनी तिला हाकलले होते. तिचा हात कोपरात वाकायचा. "भट्टा टाकते रे, भट्टा! हिले आऊट करा," असे ओरडून त्यांनी चेंडू काढून घेतला होता. पुढे भंडाऱ्याच्या शाळेत गेल्यावर उर्वशी मॅडमनी तिला एकदा पेरूच्या झाडावर दगड मारताना पाहिले. शिक्षा होणार म्हणून ती उभी राहिली, तर मॅडम म्हणाल्या, "अजून एक मार." त्या बेसबॉल शिकवत. जो हात क्रिकेटमध्ये गुन्हा होता, तोच इथे हवा होता. दोन वर्षांत नीतू शाळेच्या संघाची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, झाली. रविवारी विभागाचा अंतिम सामना होता. त्यातून राज्याच्या संघासाठी मुली निवडल्या जाणार होत्या.

"राज्यावर गेली तं पुढं पोलीस भरतीत कामी येते," नीतूने घरी सांगून ठेवले होते. मुरारीने ते अर्ध्या कारध्याला सांगितले होते.

शुक्रवारी सकाळी नीतू शाळेला निघाली तेव्हा तिचा डबा घरीच राहिला. राहिला म्हणजे रेवताबाईनेच पिशवीतून काढून ठेवला होता. मैदानावर जायला काही तरी निमित्त हवे. दुपारी ती डबा घेऊन पूल ओलांडून भंडाऱ्याला गेली.

मैदानाच्या कडेला शाळेची लांब भिंत होती. खेळाआधी सगळ्या मुली तिला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात भिंतीवरून सरळ वर नेले. उर्वशी मॅडम एकेकीची बोटे पाहत पुढे गेल्या. नीतूची दोन्ही हातांची बोटे एका रेषेत होती.

मग नीतू मातीच्या लहानशा उंचवट्यावर गेली. रेवताबाई डोळे बारीक करून पाहू लागली. पोरीने डावा पाय उचलला, लांब टाकला. कंबर फिरली, छाती उघडली, आणि हात मात्र अजून मागेच होता, तळवा आभाळाकडे. मग कोपर पुढे आले आणि सगळ्यात शेवटी चेंडू सुटला. रेवताबाईचा स्वतःचा हात पदराखाली हलला. हात मागे राहून कोपर पुढे येते, तेव्हा आतली बाजू बिजागरीवरच्या दारासारखी उघडते. दार रोज एवढ्या जोराने उघडले तर बिजागरीच दुखणार. तिला आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते आणि त्याचा तिला आनंदही झाला.

"तुम्ही नीतूच्या आई का?" उर्वशी मॅडम जवळ आल्या.

"हो जी. डबा राहिला होता पोट्टीचा." मग राहवले नाही म्हणून तिने विचारले, "हात एवढा मागं काहून ठेवते ते?"

मॅडमना प्रश्न आवडला. "हात शेवटी यायला पाहिजे. आधी पाय, मग कंबर, मग खांदा. जोर खालून येतो. पाय थकले की कोपर खाली पडतं, आणि मग सगळा भार एकट्या हातावर. इथे." त्यांनी आपल्या कोपरावर बोट ठेवले. बरोबर तिथेच.

"भार आला तं?"

"दुखतं. दुखलं की मुलीने सांगायचं आणि मी बॉल काढून घ्यायचा. या वयात हाड कच्चं असतं. तिथली शीर एकदा ताणली तर कधी कधी हात पहिल्यासारखा होत नाही. म्हणून ही भिंत आहे. कोपर धरलं असेल तर तो हात खाली राहतो. तुमच्या नीतूचं बरं आहे बघा. बाकीच्या कुरकुरतात, तिला काही होतच नाही."

रेवताबाईने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"मी चोळून देते जी," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी रडते, मंग चोळते. सकाळी मोकळी."

"तुमच्या हाताला गुण आहे हो," मॅडम म्हणाल्या. "पण मी त्या दुखण्याचीच वाट पाहत असते. ते तुम्ही आदल्या दिवशीच पुसून टाकता. मग सकाळी मला काय दिसणार?"

त्यांनी नीतूला हाक मारली. नीतूने आधी आईकडे आणि मग डब्याकडे पाहिले, आणि दोघांचा संबंध तिच्या लगेच लक्षात आला.

"काही नाही दुखत, मॅडम. आई तशीच म्हणते. पाहा ना," म्हणून तिने हात ताठ करून दाखवला.

"उद्या सुटी. बॉलला हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "रविवारी भिंत जे सांगेल ते." आणि नीतू गेल्यावर हलक्या आवाजात, "खुशबू आहे दुसरी. पण ती..." पुढचे वाक्य त्यांनी सोडून दिले.

शनिवारी संध्याकाळी नीतू ओसरीवर येऊन बसली आणि सवयीने हात पुढे केला. रेवताबाई भाजी निवडत होती. तेलाची वाटी फळीवरच होती.

"आई, चोळ ना."

"नाई."

"काहून?"

"उद्या मॅडमले दिसू दे."

नीतूला आधी ती थट्टा वाटली. मग तिचा चेहरा उतरला. "उद्या फायनल हाये, आई. उद्याच्या मॅचनंतर मी सांगन. देवाशपथ सांगन. फक्त आजचा दिवस चोळ."

"रोजच तं आजचा दिवस म्हणतं तू."

"साऱ्या गावाचं अंग चोळून देतं! तुले पोट्टीचंच दिसत नाई?"

मुरारी कोपऱ्यात जाळ्याची गाठ मारत होता. "देऊन टाक ना व," तो म्हणाला. "कायले रडवतं तिले? माया खांदा नाई चोळला तू? संध्याकाळी चोळ, पहाटे मी नदीत. पायात काच घुसली होती तवाबी एका पायावर उभा राहून जाळं फेकलं. तुया हातानं उभा होतो मी. नाई तं पहिल्याच साली जाळं ठेवलं असतं."

तो कौतुकानेच म्हणत होता.

रेवताबाईने भाजीची काडी मोडली. "ठेवलं असतं तं?"

"तं काय? दोन-चार महिने बसलो असतो घरी. मंग उठलो असतो पुन्हा..."

त्याची सुई जाळ्यात तशीच राहिली. मग त्याने ती ओढून घेतली आणि पुढची गाठ मारायला लागला. नीतू उठून आत गेली. दार आपटले नाही तिने, नुसते लोटून घेतले.

रविवारी सकाळी रेवताबाई मैदानाच्या कडेला निंबाखाली उभी होती. मुली भिंतीला लागल्या. हात वर गेले. नीतूचा डावा हात ताठ वर पोचला. उजवा थांबला, तिने दात खाऊन ढकलला, तरी दोन बोटे खालीच राहिला. उर्वशी मॅडम तिच्यापुढे बराच वेळ उभ्या होत्या. प्रेक्षकांत शाळेचे मुख्याध्यापक बसले होते, त्यांच्याकडे मॅडमनी एकदा पाहिले. मग नीतूच्या पायाशी ठेवलेला चेंडू उचलला आणि खुशबूला दिला.

खुशबू घाबरली होती. पहिले चेंडू कुठेही जात होते. बाकावर बसलेली नीतू आधी जमिनीकडे पाहत होती. दुसऱ्या डावात ती उठली आणि ओरडली, "अवं पाय! पाय पहिले टाक, खुशबू! हाताची घाई नको करू!" मग ती शेवटपर्यंत ओरडत राहिली, इतकी की तिचा आवाज बसला. सामना हातातून गेला. राज्याच्या यादीत पलीकडच्या संघाची पिचर गेली.

पुलावरून परत येताना पिशवी नीतूच्या डाव्या खांद्यावर होती. रेवताबाईने ती मागितली नाही.

तीन-चार दिवस नीतू आईशी कामापुरतेच बोलली. मग एका संध्याकाळी ती घराच्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि हात वर करून पाहू लागली. रेवताबाई तेव्हा मुरारीच्या हाताला तेल लावत होती.

"कोणता खेळ हाये हा? हट, मले पाहू दे," म्हणत मुरारी उठला आणि लेकीशेजारी उभा राहिला. तेलाचा तळवा भिंतीवरून वर सरकला आणि कानापाशी थांबला. "बस. आपल्या गाडीचं टेसन इथंच," तो म्हणाला.

नीतू हसली नाही. "बाबा, कवापासून?"

मुरारीने उत्तर देण्याआधी बायकोकडे पाहिले. रेवताबाई वाटीवर झाकण ठेवत होती.

"तुया जलमाच्या अगोदरपासून," तो म्हणाला.

दिवाळीच्या साफसफाईत रेवताबाईने त्या भिंतीला चुना मारला. तेलावर चुना धरत नाही. दोन दिवसांत मुरारीच्या कानाच्या उंचीला त्याच्या तेलकट तळव्याचा डाग पुन्हा वर आला. नीतू रोज सकाळी त्याच्या शेजारी उभी राहते आणि दोन्ही हात वर नेते. रेवताबाई चुलीपाशी बसून पाहते. उजवा हात अजून बोटभर कमी पडतो.