आधी तुम्ही वाचा

"छातीत न्हाई वो, पोटात दुखतंय. पित्त झालं आसंल," गेणबा म्हणाले, आणि त्यांच्या छातीवर लावलेली ईसीजीची रबरी वाटी घामानं पुन्हा निसटली.

भीमेपलीकडच्या मांडवगण फराट्याहून त्यांना जीपनं दौंडच्या दवाखान्यात आणलं होतं. साहेबरावांनी त्यांची छाती टॉवेलनं पुसली, परत जेली लावली आणि मशीन सुरू केलं. कागदाची पट्टी सरकू लागली. तिसऱ्या लीडची रेषा उमटली तसा साहेबरावांचा चेहरा बदलला. उशाशी उभ्या गेणबांच्या बायकोनं, पुतळाबाईंनी, तो पाहिला, पण मालकाला काय झालंय हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

या दवाखान्यात ईसीजी काढायला साहेबरावांना एकवीस वर्षं झाली होती. मोठे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याहून येत. एरवी सगळा भार नव्यानं पास झालेल्या डॉक्टरांवर. डॉक्टर सोनम येऊन तीन महिने झाले होते. कागद हातात आला की त्या आधी फोनकडे बघत. आज गुरुवार होता आणि मोठ्या डॉक्टरांचा फोन लागत नव्हता.

"मामा, एवढं काही वाटत नाही ना?" त्या कागद पुढे-मागे करत साहेबरावांना म्हणाल्या. "पित्ताचं इंजेक्शन देऊन बघू."

बारा वर्षांपूर्वी याच खोलीत साहेबरावांनी आपल्या बायकोचा, ताईबाईचा, ईसीजी काढला होता. तेव्हाच्या डॉक्टरांनीही पित्तच सांगितलं. साहेबरावांना कागद बरा दिसत नव्हता. पण मशीन चालवणाऱ्या माणसानं डॉक्टरपुढं काय बोलायचं, म्हणून ते गप्प राहिले. दिवस मावळायच्या आत ताईबाई गेली. त्यानंतर एका डॉक्टरानं मागं टाकलेलं पुस्तक त्यांनी डिक्शनरी घेऊन तीन वर्षं वाचलं.

"मॅडम, एकेक लीड मोठ्यानं वाचा," ते म्हणाले. "मी हाय हितं."

"लीड दोन... रेषा वर उचललीय. तीन, जास्तच. एव्हीएफमध्ये पण." डॉक्टरांचा आवाज बारीक झाला. "एव्हीएलमध्ये मात्र खाली गेलीय."

"मंग?"

"हृदयाच्या खालच्या भागाचा ॲटॅक." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "पण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि मी चुकले असले तर? रक्तस्राव झाला तर?"

साहेबरावांनी मागं वळून गेणबांकडे पाहिलं. मग आजवर कुठल्याच डॉक्टरला न बोललेलं वाक्य ते बोलले.

"मला पण त्येच दिसतंय."

डॉक्टर सोनम उठल्या. त्यांनी गेणबांचं बीपी पाहिलं. कधी रक्ताची उलटी, एवढ्यात एखादं ऑपरेशन, सगळं पुतळाबाईंना विचारून घेतलं आणि सिस्टरला फ्रीजमधलं इंजेक्शन आणायला सांगितलं. तासाभरानं काढलेल्या कागदावर रेषा खाली उतरली होती. गेणबा पाणी मागत होते.

त्यानंतर दुपारची ओपीडी संपली की डॉक्टर ईसीजीच्या खोलीत येऊन बसू लागल्या. साहेबराव जुन्या कागदांवर लिहिलेलं निदान बोटानं झाकत.

"आधी तुम्ही वाचा," ते म्हणत.

चुकलं की पुन्हा वाचायला लावत, पण उत्तर सांगत नसत. साहेबरावांचा मुलगा पिंपरीला कंपनीत होता, सणासुदीला यायचा. घरी कुणाशी बोलायचं नसे. ते आता दुपारसाठी आदल्या दिवशीच कागद निवडून ठेवत.

पावसाळा सरता सरता डॉक्टरांचं येणं कमी झालं. ओपीडी वाढली होती. दिवाळीनंतर एका सकाळी साहेबराव एक अवघड कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. डॉक्टरांनी बोलता बोलता नजर फिरवली, दोन ओळी लिहिल्या आणि सही केली.

"जुना ब्लॉक आहे, मामा. घाबरायचं काही नाही."

अगदी बरोबर होतं. साहेबराव तिथंच उभे राहिले.

"अजून काही आहे का?"

"न्हाई, मॅडम."

खोलीत केंदूरची एक म्हातारी कॉटवर बसून होती. साहेबरावांनी तिला हात देऊन निजवलं, वाट्या लावल्या, कागद काढला, पट्ट्या सरळ कापून पुठ्ठ्यावर चिकटवल्या. कागदावर सगळं ठीक होतं.

"काय निघालं रं, बाबा?" म्हातारीनं विचारलं.

"मॅडम सांगत्याल," ते म्हणाले, आणि तिच्या छातीवरची जेली हळूच पुसू लागले.