गिटारीची दांडी

साठीला टेकलेला माणूस एकाएकी सुतारकाम शिकायला लागला तर गल्लीत चर्चा होणारच. नानासो मिरजेहून एसटीनं आले ते मांडीवर दोन हात लांबीचा फळा आडवा घेऊनच, आणि विट्याच्या स्टँडवरून घरापर्यंत तो खांद्यावर मारून चालत आले.

"काय नाना, देव्हारा करताय काय?" कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं विचारलं.

"न्हाई. गिटार," नानासो म्हणाले. "विजंवरची."

त्यांची बायको संयोगिता दारात उभी होती. तिनं ते ऐकलं आणि आत जाऊन चहा टाकला. चहात साखर दोनदा पडली, तेवढंच.

सत्तावीस वर्षं या दोघांनी शिलाँगला काढली होती. विट्याची माणसं सोनं गाळायला कुठंकुठं जातात. कुणी कोचीला, कुणी अमृतसरला. नानासोंच्या वाट्याला मेघालयातला तो डोंगर आला. तिथं असताना ते सारखं विटा विटा करायचे. भाकरी आठवायची, बैलगाड्यांची शर्यत आठवायची, इथली कोरडी हवा आठवायची. शेवटी दुकान मुलाच्या, यशराजच्या हाती देऊन ते परत आले, दोन मजली घर बांधलं, आणि घर पुरं झाल्यावर त्यांना करमेना. सकाळी गच्चीवर जाऊन उभे राहायचे. समोर माळ, पवनचक्क्या, ऊन. "तिकडं आता धुकं पडलं आसंल," म्हणायचे. संयोगिता "व्हय" म्हणायची आणि कपडे वाळत घालायची.

शिलाँगमध्ये घराघरात गिटार. नानासोंच्या दुकानाला लागूनच एक म्हातारा गिटारी दुरुस्त करायचा. नानासो रविवारी त्याच्याकडं जाऊन बसायचे, तासन्‌तास त्याचे हात बघायचे. वाजवायचं मात्र त्यांच्या नशिबी नव्हतं. तेजाबाचं काम करून करून त्यांच्या बोटांची टोकं मेली होती. गरम चहाचा पेलासुद्धा त्यांना कळायचा नाही. म्हणून तर लोक विचारायचे, "नाना, करताय खरं, पण वाजवनार कोण?"

"कोन ना कोन भेटंल," नानासो म्हणायचे. "आदी हू तर द्या."

हत्यारं दिली शमशेरनं. शमशेर मिस्त्री म्हणजे नानासोंचा शाळेतला बाकावरचा सोबती. बाजारपेठेच्या मागं त्याचं दुकान होतं. त्यानं रंधा दिला, दोन पटाश्या दिल्या, काटकोन बघायचा गुण्या दिला, आणि वर दमही दिला. "पटाशी पाजळल्याबिगर लाकडाला हात लावायचा न्हाई, नाना. बोथट हत्यार मान्साला कापतं, लाकडाला न्हाई."

नानासोंनी आठवडाभर फक्त धार लावली. निसण्यावर पाणी टाकायचं, पटाशी फिरवायची, मनगटावरचे केस उडतात का बघायचं. भट्टीपुढं बसलेल्या माणसाला सबुरी शिकवावी लागत नाही. मग अंग कापून झालं. मिरजेहून आणलेलं ते तुणाचं लाकूड, हलकं, तांबूस, सतारी करणारे वापरतात तसलं. शमशेरच्या पट्ट्याच्या करवतीवर बाहेरचा आकार निघाला. आतले खड्डे, जिथं आवाज पकडणारी लोहचुंबकं आणि वायरी बसायच्या, ते नानासोंनी पटाशीनं घरीच कोरले. कडा कानशीनं गोल केल्या. गच्चीवर भुसा उडायचा. संयोगिता रोज संध्याकाळी तो झाडून काढायची. त्या भुशाला एक गोडसर वास होता. तो नाकात गेला की तिला शिलाँगचं वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर दिसायचं आणि हातातला झाडू थांबायचा.

आषाढात नानासोंनी एका तुकड्यावर फवाऱ्याचं लॅकर मारून बघितलं. दमट हवेत ते दुधासारखं पांढरं पडलं. "तिकडं तर कायम पावसाळा," ते म्हणाले, "तिथला म्हातारा कसं करायचा कुनास ठाऊक." संयोगिताला ते माहीत होतं. म्हातारा चुलीजवळ वाळवायचा, तिकडच्या थेलिननं तिला सांगितलं होतं. पण ती बोलली नाही.

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, तेव्हा नानासो दांडी करायला बसले. दांडी सागवानी, वर शिसवीची पट्टी. पोटात लोखंडी सळई घालून चर बुजवला. पट्टीवरचे धातूचे पडदे कुठं बसायचे त्याचा कागद यशराजनं तिकडून पाठवला होता. तो चिकटवून बारीक करवतीनं खाचा पाडल्या, पडदे ठोकले. आणि मग मागची गोलाई. दहा दिवस ते फक्त गोलाई करत होते. झाली तेव्हा शमशेर येऊन बघून गेला.

"झ्याक," शमशेर म्हणाला. "फावड्याचा दांडा बी आसा कुनी केला न्हाई, गड्या."

नानासो खूश होऊन त्याला पोचवायला खाली गेले. संयोगिता झाडू घेऊन गच्चीवर आली. दांडी चटईवर पडली होती. खाली भुसा होता म्हणून तिनं ती उचलली. उचलली ती डाव्या हातानं, आणि हात आपोआप वळला. अंगठा मागं गेला, चार बोटं पुढून पट्टीवर आली, जिथं पडायची तिथं पडली. पण करंगळी पोचेना.

"जाड झालीया," ती म्हणाली. कुणाला नव्हे, स्वतःलाच.

नानासो जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते.

"तुला काय ठावं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, सहज. मग त्यांची नजर तिच्या बोटांवर गेली. ती बोटं अजून तशीच धरलेली होती, आणि तशी बोटं नानासोंनी रविवारी त्या म्हाताऱ्याकडं हजारदा बघितली होती.

संयोगितानं दांडी खाली ठेवली. आता सांगायचं नाही म्हटलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं, आणि ते तिला जमलं नसतं.

"थेलिननं शिकिवलं मला," ती म्हणाली.

काँग थेलिन म्हणजे त्यांची शिलाँगची घरमालकीण. काँग म्हणजे तिकडं थोरली बहीण. चर्चमध्ये गिटार वाजवणारी, पान खाऊन ओठ लाल केलेली, एकटी राहणारी बाई. यशराज शाळेत जायला लागला तेव्हा संयोगिता दुपारी एकटीच पडायची. भाषा येत नव्हती. एक दिवस थेलिननं जिन्यातून हाक मारली, स्वयंपाकघरात बसवलं, आणि आपली लाल विजेची गिटार तिच्या मांडीवर ठेवली. दोघींना एकमेकींचं बोलणं धड कळत नव्हतं. पण कुठलं बोट कुठं ठेवायचं हे दाखवायला बोलावं लागत नाही. आवाज बारीक ठेवून रोज दोन ते चार. असे आठ हिवाळे गेले.

"आठ वरसं?" नानासो म्हणाले.

"व्हय."

"आन् मला पत्त्या न्हाई."

"सांगायचं हुतं. पैल्यांदा भ्याले. तुमी पत्रात लिवलं असतं, इट्यात समद्यांना कळलं असतं, हसली असती लोकं. मागनं..." ती थांबली. मागनं काय, हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "मागनं सांगू वाटंना. त्या गावात तेवढंच माजं हुतं."

नानासोंनी खाली बसून हत्यारं गोळा केली. पटाश्यांना तेलाचा हात फिरवला, रंधा गोणपाटात गुंडाळला, आणि ते जिना उतरून गेले.

पुढचे आठ दिवस ते गच्चीवर फिरकले नाहीत. जेवायचे, बाहेर जायचे, शमशेरच्या दुकानात बसायचे. घरात बोलणं भाजीपुरतं. संयोगिताला कळत होतं की त्यांना गिटारीचं दुःख नव्हतं. शिलाँगचे दिवस आपण दोघांनी मिळून काढले असं ते समजत होते, आणि आता निघालं की एक शिलाँग त्यांनी बघितलंच नव्हतं. तिला वाईट वाटत होतं. पण झालं ते चुकलं असं काही केल्या वाटत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी ती वर गेली. गोणपाट सोडलं. रंध्याला हात लावायचा तिला धीर झाला नाही. पण शमशेर काचेच्या फुटक्या तुकड्यानं लाकूड तासतो हे तिनं बघितलं होतं. तसला एक तुकडा तिथं होता. तिनं दांडी मांडीवर घेतली आणि जिथं अंगठ्याला टोचत होती तिथं काच ओढायला सुरुवात केली. कागदासारखी पातळ ढलपी निघाली. मग दुसरी. मधूनच हात वळवून बघायची, करंगळी पोचते का. नाही पोचली की पुन्हा ओढायची.

किती वेळ गेला कळलं नाही. मागून आवाज आला.

"उलट वढू नगंस. रेघ पडंल."

नानासो कधी आले होते कुणास ठाऊक. ते तिच्यासमोर चटईवर बसले. दांडी घेतली, तिनं तासलेल्या जागेवरून हात फिरवला. बोटांना काही कळेना, म्हणून मग दांडी गालाला लावून बघितली.

"कुटं जाड लागती? खुना कर."

त्यांनी कानावरची पेन्सिल दिली. तिनं खुणा केल्या. ते काचेनं तासायला लागले, ती हात वळवून बघायची, पुन्हा खूण करायची. उन्हं कलली तरी दोघं उठली नाहीत.

"थेलिनबाई गेली तवा तू चार दिवस जेवली न्हाईस," नानासो मध्येच म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "आन् मी म्हनलो, भाड्याच्या घराच्या मालकिणीसाटी किती रडशील."

"मला न्हाई आठवत."

"आठवतंय तुला," नानासो म्हणाले. "मला बी आठवतंय."

तिनं दांडीवर आणखी एक खूण केली. काचेचा आवाज तेवढा चालू राहिला.

पॉलिशला शमशेरची बायको साबेरा आली. त्या घरात सुतारकाम पुरुषांचं आणि पॉलिश बायकांचं, अशी रीतच होती. नानासोंच्या मनात गिटार लाल करायची होती, दुकानात असतात तशी चकचकीत. त्यांनी संयोगिताला विचारलं, "तिची लाल हुती न्हवं? तसाच रंग देऊ?"

संयोगितानं विचार केला. "नगं. ती तिची हुती. हिला हिचा रंग ऱ्हाऊ द्या."

मग साबेरानं चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घातली. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधला, त्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि तो लाकडावर गोल गोल फिरवायला लागली. "भाबी, हात थांबवायचा न्हाई. थांबला की तितंच डाग पडतो," तिनं सांगितलं. "आन् एका दिवसात लय चढवायचं न्हाई. वाळू द्यायचं, बारीक पेपर मारायचा, परत फिरवायचं." तीन आठवडे दोघी रोज सकाळी गच्चीवर बसल्या. आधी काहीच दिसायचं नाही, नुसता ओलेपणा. मग एके दिवशी तुणाच्या लाकडाच्या रेषा आतून वर आल्यासारख्या दिसायला लागल्या, तांबूस, हलत्या. दांडीवर मात्र संयोगितानं पातळ हात मारायला लावला; जाड पॉलिशला घामेजला अंगठा चिकटतो, हे तिला थेलिनकडून ठाऊक होतं. साबेरानं मान हलवली आणि बोळा हलका केला.

दांडी अंगाला जोडून वायरींचं झाळकाम नानासोंनी केलं. ते तर त्यांच्या हातातलंच. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात तारा चढल्या. यशराजनं पाठवलेला छोटा ॲम्प्लिफायर त्यांनी खिडकीत ठेवला, वायर लावली, गिटार पुसून संयोगिताच्या मांडीवर दिली आणि स्वतः भिंतीला टेकून बसले. तिनं तारा सुरात लावल्या, एकेक, मान तिरकी करून. नानासो बघतच राहिले. चुलीवरच्या आमटीचं मीठ बघताना तिचा चेहरा असाच व्हायचा.

थेलिननं शिकवलेली पहिली चाल तिनं धरली. बोटांची टोकं मऊ पडली होती, तारा रुतायला लागल्या. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा चाल सुरू झाली, पुढं सरकली, आणि पाचव्या पडद्यावर तार झणझणली.

"थांब, थांब!" नानासो ताडकन उठले. "पडदा वर आलाय."

"आवं, वाजीवते न्हवं मी!"

"वाजीव की. पन आसं झणझणत नगं."

त्यांनी तारा सैल केल्या, काचेच्या पट्टीनं सगळे पडदे बघितले, पाचवा आणि सातवा कानशीनं घासला, बारीक पेपरनं गुळगुळीत केला. त्यात दोन दिवस गेले. संयोगिता चिडली, मग तिला हसू आलं, मग ती खाली जाऊन तिळाच्या वड्या थापत बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता तिनं पुन्हा गिटार घेतली. या वेळी तार झणझणली नाही. चाल सावकाश सुरुवातीपासून शेवटापर्यंत गेली, एका जागी अडखळली, पण गेली. नानासो डोळे मिटून बसले होते. संपल्यावरही त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"धुकं पडायचं न्हवं तवा खिडकीत?" त्यांनी विचारलं.

"व्हय. काच पांढरी व्हायची. थेलिन बोटानं पडद्याच्या रेघा काढायची तिच्यावर आन् दावायची, हितं ठिव, हितं ठिव."

"आन् काय करायची?"

ती सांगत गेली. थेलिनचं हसणं, ती पानाला चुना लावायची ते, सुकटीचा वास घरभर सुटायचा आणि शाकाहारी शेजारी नाक मुरडायचे ते, यशराजचा ताप उतरेपर्यंत ती उशाशी बसली होती ते. नानासो विचारत गेले. सत्तावीस वर्षांत त्यांनी त्या घराबद्दल इतके प्रश्न विचारले नव्हते.

"आनखी किती चाली येत्यात तुला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तीनच. बाकीच्या गेल्या इसरून."

"मग ऱ्हायलेल्या दोन वाजीव," नानासो म्हणाले आणि पाय पसरून बसले.