दोघांची अळणी पंगत

तीस वर्षं एका कारखान्याच्या कँटीनचा भटारखाना सांभाळलेल्या माणसाला सात महिन्यांच्या पोरीनं चार दिवसांत रडकुंडीला आणलं, हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. पण झालं खरं तसंच.

लेक शहरात बस चालवायची. तिची बाळंतपणाची रजा संपली होती आणि जावई जहाजावर, चार महिने तरी परतणार नव्हता. तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले आजोबा आपलं चंबूगबाळं उचलून लेकीच्या दोन खोल्यांत राहायला आले. चंबूगबाळं म्हणजे कपड्यांची एक पिशवी आणि सुऱ्यांचा एक खोका. नातीला घरात गुंडी म्हणायचे. तोंड तसंच गोल, आणि कुणाच्या सदऱ्यात एकदा मूठ अडकली की सुटायचं नाव नाही.

गुंडी डब्याच्या दुधावर वाढलेली. दिवसाला पाच बाटल्या. आता जोडीला वरचं खाणं सुरू करायचं होतं. कामावर जायच्या आदल्या संध्याकाळी लेकीनं सगळं समजावून सांगितलं.

"उकडायचं, मऊ कुस्करायचं, दोन-तीन चमचे भरवायचे. मीठ नाही, साखर नाही."

"मग चव कशाची?"

"भोपळ्याची, बाबा. भोपळ्याला भोपळ्याची चव असते."

आजोबांना ते काही पटलं नाही, पण लेकीपुढे कोण बोलणार!

दुसऱ्या दिवशी त्यांनी भोपळा उकडला, दोनदा चाळणीतून काढला, लोण्यासारखा केला. गुंडीला उंच खुर्चीत बसवलं, गळ्यात लाळेरं बांधलं आणि पहिला चमचा दिला. गुंडीनं तो तोंडात घेतला, क्षणभर विचार केला आणि जिभेनं सावकाश बाहेर ढकलला. रागावून नव्हे. एखादी अधिकारी बाई सही राहिलेला अर्ज परत करते ना, तसा.

पुढे गाजर झालं, बटाटा झाला, वाटाणा झाला. सगळे अर्ज परत. मग बाटली दिसली की मात्र दोन्ही हात, दोन्ही पाय हलवून आनंदोत्सव.

"आजवर माझ्या हातचं कुणी थुंकलं नव्हतं," आजोबा लेकीला म्हणाले. आवाज हसरा होता, पण मनाला लागलं होतं.

चौथ्या दिवशी त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा! पोरगी दुधानं तट्ट फुगते, मग जेवेल कशी? अकराची बाटली द्यायचीच नाही. कडकडून भूक लागली की भोपळाच काय, चमचाही खाईल.

अकरा वाजले. गुंडी कुरकुरली. आजोबांनी चमचा पुढे केला. तिनं तोंड फिरवलं. साडेअकराला ती रडायला लागली आणि पावणेबाराला तिनं घर डोक्यावर घेतलं. चमचा उडाला, वाटी उपडी झाली, भोपळा आजोबांच्या चष्म्यावर. शेजारच्या शिंपीणबाई हातातलं काम टाकून दारात आल्या. "काय हो, टाचणी तर टोचली नाही ना कुठे?"

आजोबांनी घाईघाईनं बाटली तयार केली. गुंडी हुंदके देत देत प्यायली आणि त्यांच्या सदऱ्याची कड मुठीत धरून झोपली. आपण एका लेकराला उपाशी ठेवलं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

लेक परतल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. ती गणवेशाची बटणं काढता काढता थांबली.

"बाबा, असं परत नाही करायचं."

"नाही करणार."

"उद्या माझी दुपारपाळी आहे. सकाळी दवाखान्यात जाऊ."

दवाखान्यातल्या सिस्टर बारक्या चणीच्या, पण आवाज खणखणीत. त्यांनी गुंडीला काट्यावर ठेवलं, वजन पाहिलं आणि म्हणाल्या, "उत्तम आहे. आजोबा, पोट भरलेलं मूल नवं काही चाखत नाही, आणि भुकेनं कावलेलं तर मुळीच नाही. दोन बाटल्यांच्या मधली वेळ धरा. वर्षाची होईपर्यंत दूध हेच तिचं मुख्य जेवण. घास ही सध्या नुसती ओळख. ओळख वाढली की दूध तिचं तीच कमी करेल. तुम्ही घाई करू नका."

आजोबांनी मान डोलावली.

"आणि ती जेवते तेव्हा तुम्ही काय करता?"

"चमचा धरून उभा असतो."

"तुम्ही स्वतः कधी जेवता?"

लेकच म्हणाली, "सगळ्यांचं झाल्यावर. ओट्यापाशी, उभ्यानं. मी लहान असल्यापासून बघतेय."

"मग तिला कळावं तरी कसं, जेवण म्हणजे काय असतं ते?" सिस्टर हसल्या. "तिच्यासमोर बसा आणि जेवा. बस्स."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बाटलीनंतर दीड-दोन तासांनी आजोबांनी खुर्ची ओढली आणि गुंडीच्या समोर बसले. ताटलीत उकडलेला बटाटा आणि गाजर, तेही अळणी. तिला एक आणि मला एक असं नको, म्हणून. बसल्यावर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. कुणाला काय हवं, काय नको ते पाहायला मान सारखी वर होत होती. मग त्यांनी एक घास घेतला. बटाट्याला खरंच बटाट्याची चव होती.

गुंडी टक लावून बघत होती. आजोबांचा जबडा हलला की तिचाही हलायचा. तिसऱ्या घासाला तिनं पुढे वाकून त्यांच्या ताटलीत हात घातला, बटाट्याचा मऊ गोळा मुठीत पकडला आणि थेट तोंडात. अर्धा हनुवटीवर, पाव केसांत, पण उरलेला आत गेला. गिळला! तिनं आजोबांकडे पाहिलं आणि खुर्चीच्या फळीवर हात आपटला.

"आणखी? घ्या, घ्या, संकोच नको," आजोबा म्हणाले आणि एकटेच खो खो हसायला लागले. गुंडीही हसली, म्हणून ते आणखी हसले.

त्या दिवसापासून दोघांची अळणी पंगत रोज बसू लागली. सगळं सुरळीत झालं असं नाही. एक आठवडा ती गाजराशिवाय कशाला हात लावेना. दात येताना पुन्हा पाच बाटल्यांवर गेली, तेव्हा आजोबांनी हूं की चूं केलं नाही. दात आला, तशी ती परत ताटलीकडे वळली. चारच बाटल्या पुरू लागल्या. पुढे चाळणी सुटली, बोटांत धरता येतील असे तुकडे आले, अंड्याचा बलक आला, पावाची मऊ बाजू आली. सुट्टीच्या दिवशी लेकही तिसरी खुर्ची ओढून बसायची. बापाला असं निवांत जेवताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिनं त्यांच्या ताटलीत आणखी एक बटाटा वाढला.

गुंडी दहा महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. दुपारचे चार वाजले होते. आजोबांनी नेहमीसारखी बाटली पुढे केली. गुंडीनं दोन घोट घेतले, बाटली हातानं बाजूला सारली आणि जमिनीवर पडलेल्या चमच्याकडे रांगत निघाली.

"अगं, दूध!"

गुंडीनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आजोबांना आनंद झाला आणि कुठेतरी आत थोडं हललंही. भरलेली बाटली हातात घेऊन ते उभे राहिले. ठेवून पुन्हा द्यायचं नाही, हे त्यांना पाठ होतं. पण अन्न ओतून द्यायला हात धजेना. त्यांनी बूच काढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि एक मोठा घोट घेतला.

चेहरा पार वाकडा झाला.

"हे पीत होतीस इतके महिने?" ते म्हणाले. "आणि माझा भोपळा थुंकत होतीस?"

गुंडीनं चमचा फरशीवर दणादण आपटून उत्तर दिलं.