उधाणाच्या वाटेवर

वैशाखी अमावास्येची ती सकाळ शुभ्र होती. शंखासारखी शुभ्र, आणि शंखासारखीच आतून गुणगुणणारी. खाडीच्या मुखाशी, दोन निळाईंच्या मध्ये, वाळूचा चिंचोळा दांडा उन्हात उजळत पहुडला होता. त्याच्यावर शेकडो सुरय पक्षी, रजतपंखी, श्यामशीर्ष, पीतचंचू, आकाशात पांढरी अक्षरे गिरवीत होते.

तीन वर्षांपूर्वी हे आकाश मुके होते. कुणी कधीकाळी लावलेली सुरूची झाडे दांड्यावर माजली होती. त्यांच्या सावलीत कावळे दबा धरून बसत; उघड्या वाळूवर अंडी घालणारे पक्षी दांडा सोडून गेले होते. मग गावातल्या बायकांनी ती झाडे मुळासकट काढली, मर्यादवेल लावली, खाऱ्या वाऱ्यात वाकून वाकून लावली. वेल पसरली, जांभळी फुलली, आणि एका फाल्गुनात पक्षी परतले.

दांडा आता पक्ष्यांचे अभयारण्य झाला होता, आणि त्या बायकांतली कुंदा तांडेल त्यासाठी घरटी मोजी. घरटे तरी कसले? वाळूत वाटीएवढा खळगा, आणि खळग्यात वाळूच्याच रंगाची, वाळूच्याच ठिपक्यांची दोन अंडी. ती दिसली की कुंदा शेजारी बांबूची कामटी रोवी, वहीत नोंद करी, आणि अंडी उन्हाने तापण्याआधी पक्ष्यांना परतता यावे म्हणून भरभर दूर होई. दर्यावर जगणाऱ्या घरची ती लेक. पण थोरल्या भावाची होडी याच मुखाशी उलटली, त्या दिवसापासून पाणी घोट्याच्या वर आले की तिचा श्वास अडके. पोहायला ती कधी शिकलीच नाही.

तिला दांड्यावर उतरवून म्हातारे भिवातात्या खाडीच्या अंगाला होडी धरून बसले होते. कुंदा ओल्या काठाने, पक्ष्यांच्या वसाहतीला वळसा घालून, समुद्राकडच्या टोकाला गेली होती.

उधाण बाराला यायचे होते. ते साडेदहालाच आले.

दूर कुठे खोल समुद्रात वारा पिसाळला असावा. लाटा आल्या त्या गर्जत नाही, फुगत आल्या. स्निग्ध, संथ, हिरव्याकाळ्या. कुंदाने वहीतून मान वर केली, तेव्हा ती आली होती तो काठ उरलाच नव्हता. तिथे आता पाणी धावत होते, फेसाळत, घुमत, भोवरे फिरवीत.

भय जिभेवर आले, खारट.

तिच्यामागे समुद्र, दोन्ही हातांना पाणी. आणि समोर, तिच्या आणि होडीच्या मध्ये, पक्ष्यांची ती वसाहत. अर्ध्याच घरट्यांपाशी कामट्या होत्या. उरलेली वाळूत वाळू होऊन लपली होती.

"कुंदा, सरळ धाव गो! पाणी चढताहा!" तात्या ओरडले.

"पायाखाली अंडी आसत, तात्यानू!"

"अंडी रवांदेत! तू ये!"

ती धावली. खरेच धावली, भीतीने तिला ढकलले. एक पाऊल, दुसरे पाऊल, तिसरे. आणि तिसऱ्या पावलाखाली एक आवाज झाला. इवलासा. कवडी फुटावी तसा.

कुंदा थिजली. टाचेखाली ओलसर ऊब पसरली होती. डोक्यावर किंकाळ्यांचे छत दाटले. पक्षी सूर मारून येत, तिच्या केसांवर चोची मारीत, आणि खाली उघडी अंडी उन्हात भाजत होती. थांबले तरी ती अंडी मरणार. धावले तरी मरणार.

मग ती खाली बसली. हातांवर, गुडघ्यांवर आली. तळहाताने वाळू चाचपायची. टोकदार खडा असेल तर पुढे, गुळगुळीत गोल लागला तर बाजूला. मग गुडघा. मग पुन्हा हात. वाळू पोळत होती, आणि मागून पाणी येत होते. ते तिच्या टाचांना शिवले. पोटऱ्यांना शिवले. प्रत्येक स्पर्शाला तिच्या तोंडून भावाचे नाव निघे. हाक म्हणून नव्हे, नुसता हुंदका म्हणून.

अर्ध्या वाटेवर वेलीत तिचा पाय गुंतला. लाट कमरेवरून गेली. कुंदा पालथी पडली, आणि तिच्या गालापासून वीतभर अंतरावर दोन अंडी होती. त्यांतल्या एकाला बारीकशी चीर, आणि चिरेतून आतल्या जिवाची टकटक. तिने श्वास रोखला. पाय सोडवला. वळसा घातला. पुढे सरकली.

होडीत तात्यांनी तिला ओढून घेतले. ते रागावले नाहीत. कुंदाचे दात वाजत होते, भर उन्हात वाजत होते, आणि ते कितीतरी वेळ थांबले नाहीत.

"पक्षी बसले काय, तात्यानू?"

तात्यांनी कपाळाशी हात धरून दांड्याकडे पाहिले. "बसतत गो. एक एक करून बसतत."

उंचवट्यावरची घरटी राहिली. सखल भागातली नऊ समुद्राने नेली. पक्षी उतरत होते, भिजली पिसे पसरून अंड्यांवर बसत होते, आणि दांडा हळूहळू शांत होत होता.

एक सुरय मात्र बसला नाही. वाळू बुडाली होती त्या जागी तो उतरे, पाय टेकू पाही, लाट येई. तो वर उडे. पुन्हा उतरे. पुन्हा लाट. पुन्हा वर, उन्हात, एकटा, पांढरा.