अध्यक्षांचं ग्लुकोकायनेज

मनीषनगरच्या बागेत रोज सकाळी जमणाऱ्या मधुमेही मंडळाचे चंपतराव अध्यक्ष होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे हा एकच हुद्दा उरला होता, आणि तो त्यांनी कारल्याच्या रसावर टिकवून धरला होता. लग्नाच्या पंगतीत गोड पुढे आलं की ते हात असा आडवा धरत, की वाढणाऱ्यालाच अपराधी वाटावं. घरात पत्नी गोपिकाबाईंनाही साखरबंदी होती.

मग लेक वैभवी बाळंतपणासाठी माहेरी आली आणि तपासणीत तिचीही साखर थोडी चढलेली निघाली. डॉक्टर नीला यांनी बापलेकीची जनुकतपासणी करवली. निकाल आला तेव्हा दोघांना समोर बसवलं.

"आपल्या शरीरात ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम असतं. रक्तात साखर किती वाढली, हे ते ओळखतं. तुमच्यात ते जरा उशिरा जागं होतं, म्हणून साखर जन्मापासूनच थोडी वर असते. त्यानं सहसा अपाय होत नाही. काका, तुमच्या गोळ्या बंद. वैभवीवर मात्र बाळंतपणापर्यंत लक्ष ठेवू."

वैभवीचा जीव भांड्यात पडला. चंपतरावांचा चेहरा पडला.

"म्हणजे मले डायबेटीस नाहीच?"

"नेहमीचा नाही."

"अन् कारल्यानं कंट्रोलमंदी ठेवला होता तो?"

"तो वाढणारच नव्हता, काका."

घरी गोपिकाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मंग इतके वर्षं मी फिका चहा काहून पिऊन राहिली होती जी?" एवढंच विचारून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

आठवडाभर ते बागेत फिरकले नाहीत. शेवटी मंडळाचे चिटणीस देवाजी घरी येऊन त्यांना ओढूनच घेऊन गेले. सगळे भोवती जमले. चंपतराव खरं सांगायलाच उभे राहिले होते, पण समोरचे आदरानं वर केलेले चेहरे दिसले आणि त्यांचा आवाज आपोआप चढला.

"तुमचा डायबेटीस गल्लोगल्ली सापडते. माह्या एन्झाइमचा बिघाड हजारात एखाद्याले होते."

टाळ्या पडल्या. देवाजींनी अदबीनं विचारलं, "मंग याच्यावर रस कोणता घ्या लागते जी?"

काहीच घ्यायचं नसतं, हे चंपतरावांना ठाऊक होतं. पण अध्यक्षानं काहीच न सांगणं बरं दिसेना.

"मेथीचा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजी हिरवागार पेला घेऊन दारात हजर झाले. गोपिकाबाईंनी तो नवऱ्यापुढे ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसल्या.

"घ्या जी. मी पाहून राहिली."